हाताने बांधलेल्या वह्या विकायच्या असतील, तर आधी मिनिटं मोजा

हातकाम करणाऱ्या माणसाला धंदा सुरू करावासा वाटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विकायचं कुठे?" मला हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं. मी उलट विचारते, "एक नग करायला किती मिनिटं लागतात?" बहुतेकांना सांगता येत नाही. "दोन-तीन दिवस थोडं थोडं करून होतो," असं उत्तर येतं. पहिलं दीड वर्ष मलाही सांगता येत नव्हतं. मी वह्या बांधते. कोरे कागद, दोऱ्याने शिवलेले फर्मे (म्हणजे एकात एक घालून दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे), वर कापड लावलेला पुठ्ठा. कागद, पुठ्ठा, दोरा आणि गोंद यांचा खर्च मी पै न पै लिहून ठेवत होते, पण माझ्या हातांचा हिशेब कुठेच नव्हता. वह्या विकल्या जात होत्या, लोक प्रेमाने कौतुक करत होते, आणि महिना संपला की पुढच्या कागदापुरतेच पैसे उरत होते.

पुढचं सगळं वह्यांच्या उदाहरणाने सांगते, कारण तेच काम मला आतून माहीत आहे. तुम्ही मेणबत्त्या, विणकाम, मातीची भांडी किंवा चामड्याची पाकिटं करत असाल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

आधी एकच वस्तू

सुरुवातीला सगळं करावंसं वाटतं. छोटी वही, मोठी वही, फोटोंचा अल्बम, चित्रवही. प्रत्येक नव्या आकाराबरोबर कागदाचा वेगळा साठा, भोकं पाडायचा वेगळा साचा, कापडाचं वेगळं माप आणि वेगळी कातरण येते. म्हणून एक आकार ठरवा आणि त्यात फार तर तीन रंग ठेवा. पहिले पन्नास नग तेवढ्यावरच काढा. एकच वस्तू पन्नास वेळा केल्यावर हात जे शिकतो, ते पन्नास वेगळ्या वस्तू करून शिकत नाही.

मी ए-५ आकार निवडला, १४८ बाय २१० मिलिमीटर. ए मालिकेतला कागद मधोमध दुमडला की पुढचा लहान आकार मिळतो आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. जर्मनीत १९२२ साली ठरलेलं हे माप १९७५ मध्ये आयएसओ २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय झालं. त्यामुळे ए-४ कागद मधोमध दुमडून ए-५ वही करायची, हे सगळ्यांना सरळ वाटतं. इथेच माझा पहिला मोठा साठा फुकट गेला.

यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने वळलेले असतात. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९९ साली सलग पट्टा काढणाऱ्या कागदयंत्राचं पेटंट घेतलं, आणि कागद पट्ट्यावरून वाहू लागला तेव्हापासून तंतूही वाहण्याच्या दिशेला वळलेले मिळू लागले. हाताने गाळलेल्या कागदात ही दिशा जवळजवळ नसते. बांधणीवाले तिला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. म्हणून वहीच्या कागदाचा ग्रेन कण्याला, म्हणजे शिवलेल्या कडेला, समांतर हवा. तो आडवा गेला तर कण्याला गोंद लागताच कागदाच्या आतल्या कडेला लाटा उठतात, पानं ताठ राहतात आणि वही उघडून ठेवली तरी मिटू पाहते.

बाजारात मिळणारा ए-४ कागद बहुधा लांब बाजूला ग्रेन असलेला असतो. तो दुमडून ए-५ केला की ग्रेन कण्याला नेमका काटकोनात येतो. उपाय साधा आहे. लांब बाजूला ग्रेन असलेला ए-३ कागद घ्या आणि मधोमध कापून त्याचे दोन ए-४ करा. आता ग्रेन आखूड बाजूला आला, आणि तो कागद दुमडल्यावर कण्याला समांतर बसतो. दिशा ओळखायला कागद हलकेच वाकवून पाहा: ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती घडी ग्रेनला समांतर असते. शंका वाटली तर एक कोपरा फाडा. ग्रेनच्या दिशेने कागद बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा मात्र वेडावाकडा जातो.

एवढं सविस्तर सांगितलं कारण प्रत्येक हातकामात असं एक रहस्य असतंच, आणि ते न कळता दुकान थाटलं की पहिल्याच महिन्यात तक्रारी येतात. लोकरीत ते धुतल्यावर आटणं असतं, मातीत वाळताना बारीक होणं, मेणबत्तीत वातीची जाडी. तुमच्या कामातलं ते रहस्य आधी शोधा.

नमुन्याचा कागद

पहिली मनासारखी वस्तू झाली की लगेच एका कागदावर तिची सगळी मापं लिहा. माझ्या कागदावर असं आहे: सहा फर्मे, प्रत्येकात ए-४ चे आठ कागद, म्हणजे एकूण ४८ कागद, ९६ पानं, १९२ पृष्ठं. कागद १०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम. पुठ्ठा २ मिलिमीटर जाड, कागदापेक्षा तिन्ही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर. दोरा मेण लावलेला, लिननचा. एका फर्म्याला एक उंची, म्हणजे सहा गुणिले २१ सेंटिमीटर, आणि गाठी, सुई, शेवट यांसाठी वर साधारण ४५ सेंटिमीटर; एका वहीला १ मीटर ७० सेंटिमीटर. भोकांची अंतरं मी कागदावर लिहिलेली नाहीत, ती जाड पुठ्ठ्याच्या साच्यावर पाडलेली आहेत. साचा फर्म्याच्या घडीत ठेवायचा आणि आरीने टोचायचं, मोजायचं काही उरतच नाही.

या कागदामुळे वजनसुद्धा आधीच कळतं. ए-४ चं क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असतं, त्यामुळे १०० जीएसएमचा एक कागद ६.२५ ग्रॅम भरतो आणि ४८ कागद ३०० ग्रॅम. पुठ्ठे, कापड आणि गोंद धरून माझी वही सुमारे ४०० ग्रॅमची होते. टपालाचा खर्च काढायला हा आकडा लागतोच.

घड्याळ लावा

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावून पाच नग करा, प्रत्येक टप्पा वेगळा मोजा आणि लिहा. मध्ये पाणी प्यायला उठलात, कात्री शोधलीत, फोन आला, तर तोही वेळ त्याच टप्प्यात धरा. प्रत्यक्ष कामात तो लागतोच. पाचांची सरासरी घ्या. सगळ्यात चांगला वेग धरू नका, रोज तो मिळत नाही.

एक-एक वही करत होते तेव्हा माझे आकडे असे आले: कागद आणि पुठ्ठा कापणं १४ मिनिटं, घड्या घालून घोटणं १८, भोकं ७, शिवण २८, कण्याला गोंद आणि जाळीचं कापड १०, पुठ्ठ्यावर कापड चढवून वही त्यात बसवणं २०, शेवटची साफसफाई आणि तपासणी ८. एकूण १०५ मिनिटं. मला वाटत होतं की वेळ शिवणीत जातो. शिवण चौथ्या हिश्श्याच्या आसपासच होती.

मग मी बारा वह्या एकदम घेतल्या. आधी सगळ्यांचे कागद कापले, मग सगळ्या घड्या, मग सगळी भोकं, असं पुढे. तेव्हा एका वहीमागे कापणी ५ मिनिटांवर आली, घड्या १४, भोकं ४, शिवण २४, कणा ४, पुठ्ठा १३, शेवटचं काम ४. एकूण ६८. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. कापणी १४ वरून ५ वर आली, कारण पट्टी लावणं, पातं बदलणं, माप दोनदा तपासणं ही कामं बारांसाठी एकदाच झाली. शिवण २८ वरून २४ वरच आली, कारण प्रत्येक टाका हाताला नव्याने ओढावाच लागतो. वेळ वाचतो तो जमवाजमवीत. हाताच्या कौशल्याच्या टप्प्यात तो फारसा वाचत नाही, आणि तिथे वाचवायला जाऊही नये. घाईत ओढलेला दोरा कागद चिरतो.

हे कारखान्यांनाही लागू पडतं. थिओडोर राइट या अभियंत्याने १९३६ साली विमानांच्या बांधणीचा अभ्यास मांडला: एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की एका नगामागचा श्रमाचा वेळ साधारण ८० टक्क्यांवर येतो. हातकामात उतार इतका मोठा मिळेलच असं नाही, पण दिशा तीच असते. पहिला नग आणि चाळिसावा नग यांच्या वेळेत फरक पडणारच, म्हणून पहिल्या नगाच्या वेळेवरून किंमत ठरवू नका. आणि थकव्यालाही मर्यादा असते. मी सलग चार तास शिवत बसले की शेवटच्या दोन वह्यांचे टाके सैल पडतात. मनगट दुखायला लागलं तर तो दिवस घड्यांना द्या किंवा हिशेबाला. हात बिघडले तर धंदा चालणार कशावर?

याशिवाय न दिसणारा वेळ असतो. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं, फोटो, सामान आणणं, वहीखातं, पुडकं बांधणं, टपालात टाकून येणं. महिनाभराचा हा सगळा वेळ मोजून विकलेल्या वह्यांनी भागला तेव्हा एका वहीमागे २२ मिनिटं आली. ६८ आणि २२ मिळून ९०. माझी एक वही दीड तासाची आहे, हे मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

किंमत कशी काढायची

चलन बाजूला ठेवू या. तुमच्या एका तासाची मजुरी १०० धरा. म्हणजे तेवढेच कौशल्य लागणाऱ्या दुसऱ्या कामात तुम्ही तासाला जे मागितलं असतं, ते म्हणजे १००. बाकी सगळे आकडे या मापात बसवा. माझ्या वहीचे असे बसतात: सामान ४०, त्यात कातरण आणि बिघडलेल्या नगांचा दहावा हिस्सा धरलेला. श्रम दीड तास, १५०. वीज, पाती, सुया, टेबल आणि शिकंज्याची झीज, पॅकिंगचं सामान मिळून २०. बेरीज २१०. त्यावर १५ टक्के धंद्याचे स्वतःचे. हे तुमच्या खिशात जायचे नाहीत. नवं हत्यार घ्यायला आणि मंदीचा महिना काढायला ते लागतात. झाले साधारण २४२.

आता एक सर्वत्र ऐकू येणारा सल्ला तपासू: "सामानाच्या तिप्पट किंमत लावा." ४० ची तिप्पट १२०. माझ्या दीड तासाची मजुरीसुद्धा त्यात बसत नाही. ज्या वस्तूत सामान महाग आणि काम थोडं, तिथे हा ठोकताळा ग्राहकाला जड जाईल. ज्या वस्तूत सामान स्वस्त आणि काम खूप, तिथे तो कारागिराला उपाशी ठेवेल. तो वापरू नका.

पुढे शुल्क. एखादं विक्रीस्थळ १० टक्के घेत असेल तर २४२ मध्ये १० टक्के मिळवून चालत नाही. ते विक्रीच्या किमतीवर कापून घेतात, म्हणून २४२ ला ०.९ ने भागायचं: २६९. दहा टक्क्यांत फरक लहान दिसतो. दुकानदाराच्या बाबतीत तोच डोंगर होतो. दुकानाला घाऊक भावाने वस्तू देताना किरकोळ किमतीच्या निम्मे मिळणं ही बऱ्याच ठिकाणची रीत आहे. २४२ ला ०.५ ने भागा: ४८४.

आणि इथे मी ठाम आहे. आज ना उद्या दुकानात माल ठेवायचा असेल, तर थेट विकतानाही किंमत ४८४ च ठेवा. दुकानदार ४८४ ला विकतोय आणि तुम्ही मोबाइलवरून २६९ ला, असं झालं की तो एका महिन्यात तुमचा माल परत करेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

४८४ ऐकून पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. पण आकडा जास्त वाटला तर मजुरी कापू नका, वस्तू बदला. सहा फर्म्यांऐवजी चार घ्या. कापडाऐवजी रंगीत जाड कागद चढवा. किंवा बांधणीच बदला. इजिप्तमध्ये इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत रुजलेला कॉप्टिक टाका घातला तर कणा उघडाच राहतो, कण्यावरचा गोंद आणि जाळी ही पायरीच जाते, आणि वही पूर्ण सपाट उघडते. ग्राहकाला त्यात कमी काही मिळत नाही, उलट चित्रं काढणाऱ्यांना तीच आवडते.

विकण्याआधी छळून पाहा

एक नग स्वतः तीन महिने वापरा. पिशवीत टाका, दोनशे वेळा उघडा-मिटा, शाईपेनाने लिहून मागच्या पानावर शाई उतरते का ते पाहा. एक नग ओलसर जागी, एक उन्हाच्या कडेला ठेवा.

माझी एक चूक सांगते. तीस वह्यांची पहिली मोठी मागणी होती, मुदत जवळ होती. पुठ्ठ्यावर कापड आणि आतून अस्तराचा कागद चिकटवून मी त्या एक रात्र वजनाखाली ठेवल्या, सकाळी हाताला कोरड्या लागल्या, आणि पॅक केल्या. गोंदातलं पाणी पुठ्ठ्यात मुरलेलं असतं, ते वरून कळत नाही. प्लॅस्टिकमध्ये बंद झालेल्या त्या वह्या पोचल्या तेव्हा पुठ्ठे नावेसारखे वाकलेले होते. मी तीसही बदलून दिल्या. दोन आठवड्यांची मजुरी गेली. तेव्हापासून वही ४८ तास वजनाखाली ठेवते, पहिल्या दिवशी मधले टिपकागद दोनदा बदलते, आणि त्यानंतर एक दिवस उघड्यावर उभी ठेवते. मुदत सांगताना हे तीन दिवस आधीच मिळवलेले असतात.

बिघडलेला नग म्हणजे काय, हेही आधी लिहून ठेवा. कापडावर गोंदाचा डाग, कोपऱ्यात फुगा, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त तिरका पुठ्ठा: हे माझे दुय्यम नग. ते कमी किमतीला, दोष सांगून, फोटोत दाखवून विकते. शिवण सैल असलेला नग मात्र विकत नाही. तो उसवते.

फोटो आणि शब्द

खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी टेबल घ्या. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, सावली मऊ होते. घरातला पिवळा दिवा बंद करा, नाहीतर निळं कापड हिरवट दिसतं आणि वस्तू परत येते. पाच फोटो पुरतात: समोरून पूर्ण वही, सपाट उघडलेली, कण्याची शिवण जवळून, हातात धरलेली म्हणजे आकार कळतो, आणि शाईने लिहिलेलं पान, पुढून आणि मागून. हा शेवटचा फोटो लावल्यापासून मला येणारे निम्मे प्रश्न थांबले.

वर्णनात "सुंदर", "अनोखी", "प्रेमाने बनवलेली" यांनी सुरुवात करू नका. सेंटिमीटरमध्ये माप, पृष्ठसंख्या, कागदाची जाडी, कोऱ्या की रेघी, सपाट उघडते का, शाई झिरपते का, किती दिवसांत निघेल. आम्लविरहित कागद असं लिहायचं असेल तर पुरवठादाराने तसं लेखी दिलेलं हवं. त्यानंतर दोन ओळी कामाबद्दल लिहा, आणि त्या मनापासून लिहा.

कुठे विकायचं

आता तो पहिला प्रश्न. सुरुवातीचे दहा नग नातेवाईक आणि मित्रांबाहेरच्या माणसांना, पूर्ण किमतीत विका. ओळखीची माणसं प्रेमापोटी घेतात, त्यांच्याकडून किमतीबद्दल काही कळत नाही.

प्रदर्शनात जायचं असेल तर जाण्याआधी गणित करा. समजा जागेचं भाडं ६००, प्रवास २००, आणि मांडामांड धरून तुमचे दहा तास म्हणजे १०००. दिवसाचा खर्च १८००. एका वहीचं सामान ४०, करण्याचे ६८ मिनिटांचे ११३ आणि इतर २०, मिळून १७३. वही ४८४ ला विकली तर हातात ३११ राहतात, सहा वह्यांत दिवस वसूल होतो. तीच वही २४२ ला विकली तर ६९ राहतात आणि २७ वह्या विकाव्या लागतात. एकच टेबल, एकच दिवस, तीच वही. प्रदर्शनातून रिकाम्या हाताने आणि थकून परतणाऱ्या कारागिरांना आपण कमी विकलं असं वाटतं. अनेकदा त्यांनी पुरेसं विकलेलं असतं, ते कमी किमतीला विकलेलं असतं.

ऑनलाइन विक्रीस्थळांचा फायदा असा की हाताच्या वस्तू शोधणारी माणसं तिथे आधीच येतात. एट्सी हे २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालं, अ‍ॅमेझॉनने हातकामाचा स्वतंत्र विभाग २०१५ मध्ये काढला. एट्सीने एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचं शुल्क ५ वरून ६.५ टक्के केलं. नोंदणीचं, पैसे वळते करण्याचं आणि बाहेरच्या जाहिरातीतून आलेल्या विक्रीचं शुल्क वेगळं. म्हणजे "साडेसहा टक्के" वाचून किंमत ठरवणारा फसतो. ज्या दिवशी दुकान उघडाल त्या दिवशीची सगळी शुल्कं एका कागदावर मांडा, एका काल्पनिक विक्रीवर ती प्रत्यक्ष वजा करून पाहा आणि मगच भागाकार करा. शिवाय आपल्या ग्राहकांची यादी, त्यांच्या परवानगीने, स्वतःजवळ ठेवा. विक्रीस्थळाचे नियम एका रात्रीत बदलू शकतात.

दुकानात माल ठेवताना दोन प्रकार असतात. एकात दुकानदार विकत घेतो, दुसऱ्यात विकल्यावर पैसे देतो. दुसऱ्या प्रकारात किती नग ठेवले, कोणत्या तारखेला हिशेब, हरवल्यास वा मळल्यास जबाबदारी कुणाची, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. शक्य असेल तिथे मी पहिलाच प्रकार मागते, सहा नगांचा का होईना. पैसे गुंतलेले असले की दुकानदार वस्तू समोरच्या फळीवर मांडतो.

मोठी मागणी आली तर

शंभर वह्या हव्यात म्हणून फोन येतो आणि आनंदात "हो" निघून जातं. थांबा, आकडे काढा. ६८ मिनिटांच्या शंभर वह्या म्हणजे ११३ तास. आठवड्याला टेबलावर बसायला प्रामाणिकपणे २० तास मिळत असतील तर जवळजवळ सहा आठवडे, शिवाय वाळण्याचे दिवस. "तीन आठवड्यांत देते" म्हणालात तर रात्री जागाल आणि टाके सैल पडतील. घाऊक सवलत द्यायची तर तीही घड्याळाला विचारून द्या: शंभरात तुमचा वेळ जितका वाचतो तितकीच. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. नाव कोरायचं असेल तर नावाचं शुद्धलेखन ग्राहकाकडून लेखी घ्या आणि एका नगाचा फोटो पाठवून मंजुरी आल्यावरच पुढे जा.

पाठवणं

बऱ्याच कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढायची प्रचलित रीत म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, उत्तर किलोत येतं. माझी वही २४ बाय १८ बाय ५ च्या खोक्यात बसते: २१६० भागिले ५०००, सुमारे ४३० ग्रॅम, जवळपास तिच्या खऱ्या वजनाएवढं. घरात पडलेल्या ३० बाय २५ बाय १२ च्या खोक्यात घातली तर ती १ किलो ८०० ग्रॅमची होते. खोकं मापाचं घ्या. चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे दुमडलेले तुकडे लावा, कारण पुठ्ठ्याची वही कोपऱ्यावरच पडते. पहिलं पुडकं बांधलं की कमरेएवढ्या उंचीवरून प्रत्येक कोपऱ्यावर एकदा पाडून उघडून पाहा.

कायदा आणि वहीखातं

बँकेत वेगळं खातं काढा, अगदी पहिल्या विक्रीपासून. नोंदणी आणि कराचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते तुमच्या इथल्या जाणकाराकडून एकदा समजून घ्या. वस्तूच्या सुरक्षिततेचे नियम मात्र लोक विसरतात. वह्यांना फारसे नाहीत. पण लहान मुलांची खेळणी करणार असाल तर युरोपात ईएन ७१ ही मानकं आणि अमेरिकेत २००८ चा ग्राहकवस्तू सुरक्षा कायदा लागू होतो, आणि तो घरी बसून चार बाहुल्या करणाऱ्यालाही लागू होतो. साबण आणि क्रीम यांवरही घटकांची यादी आणि इतर अटी असतात.

दुसऱ्याची कविता, चित्र किंवा कार्टूनमधलं पात्र वहीवर छापून विकायचं असेल तर परवानगी लागते. १८८६ साली झालेल्या आणि पुढे सुधारलेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय प्रताधिकार करारानुसार साहित्यकृतीला किमान लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं संरक्षण असतं, अनेक देशांत त्याहून जास्त. नक्षीचा छापील कागद विकत आणून पुठ्ठ्यावर लावतानाही पाकिटावर "व्यावसायिक वापर नाही" असं लिहिलेलं नाही ना, ते वाचा.

पुढचं वर्ष

दर सहा महिन्यांनी स्टॉपवॉच पुन्हा लावा. माझ्या दुसऱ्या मोजणीत घड्यांचा टप्पा सगळ्यात हट्टी निघाला: १४ मिनिटं, आणि त्यात माझं असं काहीच नाही. कुणीही नीटनेटकं माणूस दोन दिवसांत ते शिकतं. म्हणून मदत घ्यायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा घड्या आणि कापणी दुसऱ्या हातांकडे दिली, त्यांच्या तासाचे ठरलेले पैसे देऊन. शिवण आणि कापड चढवणं अजून माझ्याकडेच आहे. वहीच्या वर्णनातही मी तसंच लिहिते: घड्या दोघींच्या, शिवण माझी. ते वाचून कुणी वही घ्यायची राहिलं, असं आजवर झालेलं नाही. दोघींनी मिळून एका दिवसात बारा वह्यांच्या घड्या आणि कापणी उरकली की दुसऱ्या दिवशी सकाळी मला थेट शिवायला बसता येतं, हात ताजे असताना.